ओब्राकच्या पठारावरून आप्पांना

सँ-शेली-दोब्राक, आवेरों जिल्हा, दक्षिण फ्रान्स
जून महिना

तीर्थरूप आप्पांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आईला, दादा-वहिनींना नमस्कार आणि पोरांना खूप खूप आशीर्वाद.

दादा परवा फोनवर म्हणाला की गुरं काढून टाकायचं जवळजवळ ठरलंय, आणि पठारावरची जमीन बघायला पुण्याचं कुणी गिऱ्हाईक येऊन गेलं. एवढ्या मोठ्या गोष्टीवर फोनवर नीट बोलणं होत नाही. तुम्ही "बरं, बघू" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण सगळं वाचा. मी सध्या जिथे राहते त्या मुलखानं हाच प्रश्न साठ-सत्तर वर्षांपूर्वी बघितलाय, आणि त्यातून तो कसा तगला हे तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी गाव कुठे ते सांगते. पॅरिसपासून सरळ खाली दक्षिणेला आलं की फ्रान्सच्या पोटात मासिफ सेंट्राल नावाचा मोठा डोंगराळ पट्टा लागतो. त्याच्या दक्षिण भागात ओब्राकचं पठार आहे, हजार ते चौदाशे मीटर उंचीचं. खाली ग्रॅनाइट, आणि त्यावर ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर. म्हणजे दगड आपलाच, काळा बेसॉल्ट. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला साठ ते नव्वद लाख वर्षांपूर्वीचा. शेताच्या बांधावर बसून हात टेकला की हाताला ओळख पटते.

पठारावर झाड जवळजवळ नाहीच. नजर जाईल तिथवर गवत, आणि त्यात चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचून घातलेले गडगे. एकेक गडगा डोंगर चढून पलीकडे उतरतो. सध्या त्या गवतात पांढरी नार्सिससची फुलं आलीत, वाऱ्याबरोबर वास येतो. माणसं ती वेचून अत्तरासाठी विकतात. पिवळ्या फुलांची जेन्शियन नावाची उंच वनस्पतीही इथलीच. तिची मुळं खणून काढतात आणि त्यापासून कडू मद्य बनतं. आईनं कासचं पठार बघितलंय, तिला हे चटकन डोळ्यांसमोर येईल. फरक एवढाच की इथल्या फुलांमधून गुरं चरत असतात आणि कुणी त्यांना हाकलत नाही, कारण हे कुरण गुरांनीच राखलंय. चरणं थांबलं तर काही वर्षांत झुडपं माजतात आणि फुलंही जातात.

मी राहते ते सँ-शेली पठाराच्या काठाखाली, आठशे मीटरवर, बीच झाडांच्या दाट रानात आहे. वस्ती पाचशेच्या आसपास. एक चर्च, नगरपालिकेची छोटी कचेरी, बोराल्द नावाची खळाळती नदी आणि तिच्यावरचा जुना दगडी पूल. फ्रान्समध्ये एवढ्याशा गावालाही स्वतःचा महापौर असतो. घरांच्या भिंती हातभर जाड, आणि छपरावर पातळ दगडी फरश्या. माझी घरमालकीण ऐंशी ओलांडलेली आहे, मी तिला आजीच म्हणते. रोज सकाळी सहाला उठून कोंबड्यांना दाणे घालते, मग मला हाक मारते. तिच्याकडूनच या पत्रातलं बरंचसं मला कळलं. बाकीचं माझ्या कामातून, कारण विद्यापीठाच्या प्रकल्पासाठी मी या भागातल्या गोठ्यांतून दुधाचे नमुने गोळा करत हिंडते.

आता गाय. ओब्राकची गाय म्हणजे काय देखणं जनावर आहे, आप्पा! अंगाचा रंग गव्हाळ-पिंगट, शिंगं वर वळून टोकाला काळी, आणि डोळ्यांभोवती काळी कड. कुणी रोज सकाळी काजळ घालून सोडतंय असंच वाटतं. खूर घट्ट, अंग काटक. थंडी, पाऊस, दगडाची वाट, काही म्हणून काही वाटत नाही तिला. पूर्वी नांगराला आणि गाडीला हीच, दुधाला हीच.

दुधाच्या बाबतीत एक गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटेल. ही गाय वासरू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. जुन्या पद्धतीत वासराला आधी आचळाला लावायचं, पान्हा आला की बाजूला ओढून आईच्या पुढच्या पायाला बांधायचं, आणि मग धार काढायची. आपली तांबू असंच करायची. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो कितीतरी वेळ मान हलवत राहिला, मग त्याच्या मोडक्या इंग्रजीत तांबूबद्दल बारीकसारीक विचारत बसला. दूध किती द्यायची, वासरू मेलं तर काय करायचात, खांद्यावर वशिंड किती मोठं. मोबाइलवर तिचा फोटो होता, तो त्यानं बायकोला हाक मारून दाखवला.

पठारावर जागोजाग दगडाची एकाकी घरं दिसतात, अर्धी जमिनीत रुतलेली. त्यांना बुरॉन म्हणतात. पंचवीस मेला, संत उर्बाँच्या दिवशी, खालच्या गावांतली गुरं वर चढायची आणि तेरा ऑक्टोबरला, संत जेरोच्या दिवशी, उतरायची. मधले साडेचार-पाच महिने फक्त पुरुष माणसं त्या बुरॉनमध्ये राहायची. मुख्य चीज करणारा तो कांतालेस, गुरं राखणारा तो पास्त्र, वासरांचं बघणारा तो बेदेलिए, आणि सगळ्यांची पडेल ती कामं करणारा पोरगा तो रूल. आमच्या आजीचा थोरला भाऊ दहा-बारा वर्षांचा असताना रूल म्हणून वर गेला होता. पहाटे अंधारात उठायचं, वासरं सोडायची, लाकडं फोडायची, डुकरांना निवळी घालायची. झोपायला वर माळ्यावर गवत. घरी आला तेव्हा इतका वाळला होता की आईनं ओळखलं नाही, असं ती सांगते आणि सांगताना अजून तिचा आवाज चढतो. त्या आयुष्याचं कौतुक शहरातली माणसं करतात, ती करत नाही. मलाही वाटतं तिचंच खरं.

असे शेकडो बुरॉन चालू होते. आता चीज बनतं असे मोजकेच उरलेत, काहींची खानावळ झालीय, बाकीच्यांची छपरं खचलीत.

मग हे ओस का पडलं? इथेच मला आपलं गाव दिसायला लागलं. एकोणिसाव्या शतकापासून इथली माणसं पॅरिसला जायला लागली. जमीन थोडी, हिवाळा सहा महिन्यांचा, घरात खाणारी तोंडं आठ-दहा. पॅरिसमध्ये हे लोक आधी पाणी वाहायचे. गरम पाण्याच्या बादल्या पाठीवर घेऊन पाच-पाच मजले चढायचे. मग लाकूड आणि कोळशाची पोती. मग कोळशाच्या वखारीच्या एका कोपऱ्यात दारूचा गल्ला, आणि त्यातून पुढे कॅफे. आज जगभरचे लोक पॅरिसची जी नावाजलेली कॅफे बघायला जातात, त्यातली कितीतरी या डोंगरातल्या माणसांनी चालवली. ब्रासेरी लिप १९२० मध्ये विकत घेणारे मार्सेलँ काझ आवेरोंचे, कॅफे द फ्लोर १९३९ मध्ये घेणारे पोल बुबालही आवेरोंचेच.

पाठीवर पोतं म्हटलं की मला आबा आठवतात. मस्जिद बंदरला त्यांनी उभा जन्म ओझं वाहिलं. आपल्या पाटण-जावळीच्या घराघरातून एकेक माणूस तसा गेला. १९६९ चा माथाडी कायदा झाला, आपल्याच तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना उभं केलं, म्हणून आबांना शेवटी दोन पैसे हातात आले आणि आपलं घर पक्कं झालं. इथल्यांसाठी लुई बोने नावाच्या माणसानं १८८२ मध्ये पॅरिसमध्ये गावकऱ्यांचं वर्तमानपत्र काढलं, आणि १९०४ पासून उन्हाळ्यात गावी जायला स्वस्त तिकिटाच्या खास गाड्या सोडायला लावल्या. त्या गाड्यांना लोक त्याच्याच नावानं ओळखायचे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला आणि गावच्या जत्रेला जसा उतरतो, तशी ही माणसं पोरंबाळं, बोचकी, पॅरिसची बिस्किटं घेऊन उतरायची. आजीनं तिच्या आईकडून ऐकलंय की त्या आठवड्यात गावात झोपायला जागा पुरायची नाही.

पण आठवड्यानं गाडी परत जायची.

त्यात पहिलं महायुद्ध. इथल्या बहुतेक गावांत चर्चजवळ एक दगडी स्तंभ असतो, त्यावर १९१४ ते १९१८ मध्ये मेलेल्या त्या गावच्या पोरांची नावं. एवढाल्या वस्तीच्या मानानं ती यादी वाचवत नाही. त्याच लढाईत आपल्या साताऱ्यातलीही किती माणसं गेली. अपशिंग्यातला दगड मी शाळेच्या सहलीत बघितला होता, तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर उतरती कळाच लागली. बुरॉनवर जायला पोरं मिळेनात. दूध बाहेरच्या मोठ्या कंपन्यांना जायला लागलं, भाव त्या ठरवतील तो. जास्त दूध देणाऱ्या परक्या जातींकडे लोक वळले आणि ओब्राकची गाय मागे पडत गेली. १९६० च्या दशकात फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रानं इथे अभ्यासकांची एक मोठी तुकडीच पाठवली. शेतीतले तज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, भाषा आणि लोकजीवनाचे जाणकार. बुरॉनमधलं शेवटचं आयुष्य त्यांनी फोटोंत, फिल्मवर, टेपवर उतरवून घेतलं. थोडक्यात, हे आता संपणार, निदान नोंद तरी राहू दे, असाच सगळ्यांचा समज होता.

आता मुद्द्याचं सांगते. १९६० मध्ये लायोल या जवळच्या गावी आंद्रे वालादिए नावाच्या एका तरुण शेतकऱ्यानं आणि त्याच्यासारख्या इतरांनी मिळून एक सहकारी दूधसंस्था काढली. नाव ठेवलं 'जन मोंतान्य', म्हणजे तरुण डोंगर. दूध बाहेर विकायचं नाही, आपणच चीज करायचं, आणि ते लायोलच्या नावानंच विकायचं. दुसऱ्याच वर्षी, १९६१ मध्ये, लायोल चीजला सरकारी नामसंरक्षण मिळालं, आपल्याकडे जीआय म्हणतात तसं. म्हणजे या पठाराबाहेर कुणी कितीही चांगलं चीज केलं तरी त्याला लायोल म्हणता येत नाही.

सहकार आपल्याला नवा नाही, साखर कारखाने आणि दूधसंघ आपण बघितलेत, त्यातलं बरं-वाईटही बघितलंय. इथे मला जे भावलं ते त्यांचे नियम. ते वाचून मी थक्क झाले. दूध कच्चंच वापरायचं, न तापवता, म्हणजे कुरणातल्या गवताची चव त्यात राहते. गाय फक्त ओब्राक किंवा फ्रेंच सिमेंटाल. उन्हाळ्यात चराई, हिवाळ्यात वाळलेलं गवत. मुरघास बंद, कारण कच्च्या दुधाच्या चीजला तो मानवत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कळपामागे सरासरी दूध एका गाईला वर्षाला सहा हजार लिटरच्या वर जाता कामा नये. विचार करा, सगळं जग दूध वाढवा म्हणतंय आणि हे शेतकरी स्वतःच स्वतःला वेसण घालून घेतायत. एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीची गाय, याहून कितीतरी जास्त देते. पण जास्त दुधाच्या मागे लागलं की पेंड वाढते, डॉक्टरचा खर्च वाढतो, कुरण सुटतं आणि शेवटी दुधाला कुठलंच गाव उरत नाही. आज या संस्थेत पाऊणशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं आहेत आणि त्यांना साध्या दुधापेक्षा चांगला भाव मिळतो.

चीज कसं करतात ते डेअरीच्या वरच्या सज्जातून काचेपलीकडे बघता येतं. मी तिथे तासन्‌तास उभी राहिलेय. दुधाला रेनेट, म्हणजे दूध जमवणारा पदार्थ, लावून ते जमलं की बारीक कापतात, निवळी काढतात, आणि तो गोळा दाबाखाली ठेवतात. दाबायचा, चौकोन कापायचे, उलटायचे, परत दाबायचं. असं होत होत त्याची एक घट्ट, ओलसर, पांढरी लादी होते. तिला तोम म्हणतात. ती तशीच ठेवून थोडी आंबू देतात, मग यंत्रात भरडतात, मीठ घालतात, कापड लावलेल्या साच्यात भरून परत दाबतात. तयार चाक चाळीस-पंचेचाळीस किलोचं, एकाला चारशे लिटरच्या वर दूध. ते तळघरात कमीत कमी चार महिने मुरवायचं, आणि त्या काळात परत परत पुसायचं, उलटायचं. जुन्या चाकाची साल तपकिरी, खडबडीत, आमच्या गडग्याच्या दगडासारखी होते. आजी म्हणते नातीगोती सांभाळायची तसं ते सांभाळावं लागतं.

मीठ न घातलेल्या ताज्या तोमचाच अलिगो करतात. हे तुम्हाला करून घालायची माझी फार इच्छा आहे, आणि यात मांसमच्छी काही नाही (रेनेट वासराच्या पोटातलं असतं, ते मात्र खरं). किलोभर बटाटे उकडून मऊ करायचे, त्यात लोणी, साय, ठेचलेला लसूण, आणि चारशे ग्रॅम तोमचे पातळ काप. मग मंद आचेवर लाकडी उलथन्यानं घोटायला घ्यायचं. आधी नुसतं बटाट्याचं भरीत दिसतं. घोटत राहिलं की ते एकजीव होतं, चकाकायला लागतं आणि भांड्याच्या कडा सोडतं. मग आजी उलथनं वर उचलते, खांद्याच्याही वर, आणि अलिगोची जाड दोरी तुटता तुटत नाही. चांगला झाला की नाही ते त्या दोरीवरून ठरतं. ती तुटली तर आजी कुणाशी बोलत नाही. पूर्वी मठातले साधू वाटसरूंना हे पावाचे तुकडे घालून करून द्यायचे म्हणतात, बटाटा नंतर आला.

हो, वाटसरू. गावातून एक फार जुनी यात्रेची वाट जाते. पुई नावाच्या गावाहून निघते, ओब्राक ओलांडते, आमच्या पुलावरून जाते आणि स्पेनमध्ये सांतियागोला पोचते, दीड हजार किलोमीटरच्या वर. १९९८ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे, आणि आमचा पूलसुद्धा त्यातच आहे. पुलावर दगडी क्रूस आहे आणि त्याच्या पायथ्याला काठी घेतलेला छोटा यात्रेकरू कोरलाय. सध्या रोज माणसं येतात, पिशवीला शिंपला बांधलेला, पाय सुजलेले. तिकडे तुमची आता वारीची गडबड असेल, लोणंद-फलटणला माणसांचा पूर. इथे लोक एकेकटे किंवा दोघं-तिघं चालतात, भजन नाही, टाळ नाही. पण आजी दारात पाण्याचा घडा ठेवते ते आईसारखंच.

वर पठारावर ओब्राक नावाचंच एक चिमुकलं गाव आहे, तिथे बाराव्या शतकात या यात्रेकरूंसाठी मठ आणि रुग्णालय बांधलं होतं. अदालार नावाचा फ्लँडर्सचा सरदार यात्रेला जाताना या पठारावर अडकला, आणि वाचलो तर इथे आसरा बांधीन असा त्यानं नवस केला, अशी कथा. चर्चमध्ये एक घंटा होती. धुकं पडलं, बर्फाचं वादळ आलं की ती रात्री वाजवत राहायचे, वाट चुकलेल्यांनी आवाजाच्या रोखानं यावं म्हणून. हिवाळ्यात इथे एसीर नावाचा वारा सुटतो, पडलेलं बर्फ उचलून भिरकावतो, आणि हातभरावरचं दिसत नाही. तेव्हा त्या घंटेची किंमत कळते असं सगळे सांगतात.

पंचवीस मेच्या जवळच्या रविवारी तिथे गुरं वर चढवण्याचा सण झाला. आपला बेंदूरच. गाईंच्या शिंगांत फुलांचे आणि हिरव्या फांद्यांचे तुरे, कपाळाला गोंडे, झेंडे, गळ्यात घंटा. काही कळप आदल्या रात्रीच खालून निघून चालत आले होते. मालक काठी घेऊन पुढे, पोरं बाजूला, बाया मागून. मी गडग्यावर बसून बघत होते. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी कळपाच्या पुढे चालत होती, तिच्या हातात काठी, आणि ती एकेका गाईला नावानं हाक मारत होती. गर्दीत पॅरिसहून आलेली माणसं होती, ज्यांचे आजोबा-पणजोबा इथून गेले ती. त्यांतले काही आता परत राहायला आलेत. किती ते मी नाही सांगू शकत, पण आमच्याच गल्लीत एक तरुण जोडपं आहे, तिनं शहरातली नोकरी सोडून सासऱ्यांची गुरं घेतलीत.

दुसरी एक गोष्ट मात्र उलट घडली आणि तीही दादाला सांगा. लायोलची चीजपेक्षाही मोठी ओळख म्हणजे तिथला घडीचा चाकू. १८२९ मध्ये तिथे तो पहिल्यांदा बनला. गुराख्याचा चाकू तो. त्यात अणकुचीदार एक टोच्या असतो. कोवळं गवत खाऊन गाईचं पोट फुगलं तर टोचून वायू काढायला त्याचा उपयोग व्हायचा. पुढे पॅरिसला गेलेल्यांसाठी १८८० मध्ये त्याला बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही बसला. बघा, एका चाकूत अख्ख्या मुलखाचा इतिहास. पण चीजचं नाव शेतकऱ्यांनी १९६१ मध्येच राखून घेतलं, चाकूचं कुणी घेतलं नाही. १९९३ मध्ये पॅरिसकडच्या एका व्यापाऱ्यानं लायोल हे नावच कितीतरी वस्तूंसाठी स्वतःच्या नावे नोंदवलं, आणि परदेशात बनलेल्या मालावर ते छापलं जाऊ लागलं. गाव वर्षानुवर्षं कोर्टात भांडलं. २०१२ मध्ये संतापून लोकांनी गावाच्या नावाची पाटीच काढून टाकली होती. त्याच गावातल्या या दोन्ही गोष्टी आहेत.

आप्पा, सगळं इथलं गोड आहे असं मी म्हणत नाही. इथे गाय मांसासाठीही पाळतात, आणि दुधापेक्षा पुष्कळांचा प्रपंच त्यावरच चालतो. तुम्हाला ते रुचणार नाही, मलाही जड जातं, पण लपवून काय करू. युरोपचं आणि सरकारचं अनुदान नसेल तर डोंगरातली शेती चालणार नाही, हे शेतकरी स्वतः सांगतात. डॉक्टरसाठी लांब जावं लागतं. हिवाळ्यात निम्मी घरं बंद असतात. आणि आपल्याकडे कच्च्या दुधाचं चीज कोण खाणार? ते इथलं, इथल्या थंडीचं. त्याची नक्कल करा असं मी सांगत नाही.

मी सांगते ते एवढंच. या लोकांकडे आपल्यापेक्षा फार काही जास्त नव्हतं. काळा दगड, गवत, काटक गाय, शहरात गेलेली पोरं. त्यांनी जमीन विकली नाही, दुधाला गावाचं नाव दिलं, त्या नावासाठी नियम घातले आणि ते पाळले. आपल्या पठारावरच्या गवळी-धनगरांच्या म्हशी जे खातात ते गवत, ती वनस्पती खालच्या गावात कुठे मिळते? त्या तुपाला जो कण आणि वास येतो तो तुम्हालाच माहीत. आई डोळे मिटून नुसत्या वासावरून वरचं तूप ओळखते. तेच तूप आपण संकलन केंद्रात दूध म्हणून ओततो, तिथे फॅट लावतात आणि ते सगळ्यांच्या दुधात मिसळून जातं.

म्हणून माझी तुम्हाला हात जोडून विनंती. त्या गिऱ्हाइकाला आत्ता होकार देऊ नका. इसार तर घेऊच नका. मी दिवाळीला येतेय, तोवर थांबा. आणि दादाला काम सांगा, त्यानं वहीत लिहून मला फोटो पाठवावा. आपल्या वाडीत आणि वरच्या वस्तीवर मिळून आज दुभती जनावरं किती, म्हशी किती, देशी गाई किती. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात दूध किती आणि फॅट किती लागतं. केंद्रात भाव काय मिळतो आणि पेंडीवर महिन्याला काय जातं. वर्षातले किती महिने जनावरं पठारावर चरतात आणि कुठल्या महिन्यात वैरण विकत घ्यावी लागते. वस्तीवरच्या बाबूकाकांकडून तूप कसं कढवतात तेही, पहिल्यापासून, एकही पायरी न गाळता. इथले माझे सर डोंगरी भागातल्या दुधावरच काम करतात, त्यांच्याशी मी बोललेय. आकडे आले तर ते बसून बघायला तयार आहेत, आणि तपासायला तुपाचा नमुना मागतायत. दिवाळीनंतर परत येताना मी तो घेऊन येईन.

तोवर पावसाआधी गोठ्याच्या मागच्या बाजूचे पत्रे बदलून घ्या. पैसे या महिन्यात पाठवते. चितळीला सातवा लागला असेल ना? तिला भरडा सुरू करा, आणि ती व्याली की मला लगेच कळवा, रात्र असली तरी.

आईला सांगा, गुडघ्याचं तेल कुरिअरनं पाठवलंय, पंधरा दिवसांत पोचेल. वहिनीनं दिलेला कांदा-लसूण मसाला आजीला फार आवडला, ती तो अंड्यावर घालून खाते आणि अजून मागते. एक किलो तयार ठेवायला सांगा.

तुमची,
धाकटी